डेकमध्ये अडकलेला कॉमन: ‘इलेक्ट्रिक सर्कस’, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साडेआठ हजार अधिक फिटिंग, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. गाडीतला सीडी वाजवणारा डेक दुरुस्त होत नाही, अख्खं युनिटच बदलावं लागतं. आत सीडी अडकलीये म्हटल्यावर तो हसला. “सीडी कोण लावतं सर आता?” मी लावतो. निदान एकदा लावली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या खोक्यात सापडली, सहज गाडीत नेली, आत सरकवली आणि ती आत गेली ती गेलीच. गाडी १४ वर्षं जुनी, मी तिचा तिसरा मालक. तिच्यात साडेआठ हजारांचा डेक बसवायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाही बसवला.

तर गेले नऊ महिने कोथरूड ते हिंजवडी आणि परत, मी एकच अल्बम ऐकतोय. रॅपर कॉमनचा ‘इलेक्ट्रिक सर्कस’, डिसेंबर २००२, १३ गाणी, साधारण ७३ मिनिटं. इतका सलग वापर या अल्बमचा जगात कुणी केला असेल असं वाटत नाही, म्हणून लिहायचा अधिकार पोचतो असं समजतो.

माझं आणि या सीडीचं जुनं वैर आहे. २००३ मध्ये मामेभाऊ अमेरिकेतून येणार होता, तेव्हा फोन करून मीच मागवली होती. त्याआधीचा ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (२०००) मला पाठ होता. त्यात ‘नागचंपा’ नावाचं गाणं आहे. आमच्या देवघरात लागणाऱ्या उदबत्तीचं नाव शिकागोच्या रॅपरने गाण्याला दिलंय, याचा मला इतका अभिमान, की आईला बसवून ऐकवलं होतं. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “यात उदबत्ती कुठेय?”

तो काळ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. मॉस डेफ, टॅलिब क्वेली, द रूट्स असे विचारी रॅप करणारे, आणि त्यात कॉमन म्हणजे शहाणा मुलगा. १९९४ सालीच त्याने हिपहॉपला एका मुलीचं रूप देऊन तिचं कसं वाटोळं झालं ते सांगितलं होतं. अशा माणसाने डिसेंबर २००२ मध्ये गिटारी, सिंथ आणि तरंगत्या कोरसांचा हा पसारा मांडला. लोकांनी हात वर केले. त्याची तेव्हाची मैत्रीण, गायिका एरिका बाडू, तिने त्याला बिघडवलं असंही बोलून झालं, त्याच्या लोकरीच्या टोप्यांवर विनोद झाले. दोनच महिन्यांनी रॅपर फिफ्टी सेंटचा पहिला मोठा अल्बम आला आणि याच्याकडे बघायलाही कुणाला वेळ उरला नाही. आधीचा अल्बम गोल्ड झाला होता, हा आपटला. पुढे तो काढणारी एमसीए ही रेकॉर्ड कंपनीच गेफनमध्ये विलीन झाली. मीही दोनदा ऐकून खोक्यात टाकला. दोनदा, असं गेली २० वर्षं सांगत आलोय. त्याच्यावर पुढे येतोच.

आता वापराचा अनुभव.

आमच्या डेकचं आवाजाचं गोल बटण तेवढं चालतं. पुढचं गाणं, रेडिओ, सीडी बाहेर काढायचं, सगळी बटणं मेलेली. शिवाय अजून एक खोड आहे. डेकला दोन वायरी असतात. लाल वायर चावी फिरवली की करंट देते. पिवळीतून कायम करंट असतो, आपण कुठल्या गाण्यावर होतो ही आठवण त्या पिवळीवर टिकते. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या कारागिराने दोन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. परिणाम असा, की गाडी बंद करून सुरू केली की अल्बम पहिल्यापासून.

पहिलं म्हणजे ‘फेरिस व्हील’, जत्रेतला मोठा पाळणा. पावणेतीन मिनिटांचं, मारी डोन आणि व्हिनिया मोहिका यांच्या आवाजातलं, ढगात ठेवल्यासारखं. एकदा ऐकायला छान आहे. मी पाचशेच्या वर वेळा ऐकलंय. सोसायटीच्या गेटवर ऐकलंय, पेट्रोलपंपावर हवा भरून झाल्यावर ऐकलंय, भाजी घ्यायला थांबून निघताना ऐकलंय. अल्बमच्या सुरुवातीला असलं धुकं कशाला सोडायचं? पहिल्या गाण्यात माणसाला दारातून आत घ्यावं, इथे बाहेर पाळण्यात बसवून ठेवतात. या एका गाण्यासाठी मी दोन तारे कापले होते आणि अजून पूर्ण परत दिलेले नाहीत.

त्यानंतर ‘सोल पॉवर’ येतं आणि गाडीचे दरवाजे थरथरतात. ड्रम असा की आपली गाडी नवी आहे असा भास होतो. ‘अक्वेरियस’मध्ये बिलाल गातो, तेही चांगलं. चौथ्यात पी.ओ.डी. या रॉक बँडचा सनी येऊन ओरडतो. तो भाग सकाळी साडेसातला नको वाटायचा, मार्चपासून मीच ओरडायला लागलो. सहावं ‘कम क्लोज’ नेपच्यून्स या निर्मात्यांच्या जोडीने केलेलं, मेरी जे. ब्लाइज सोबत. अख्ख्या अल्बममध्ये बायकोला आवडलेलं हे एकच. “हे बरंय रे, बाकी काय लावून ठेवलंयस,” हे तिचं परीक्षण. सातव्यात स्टीरिओलॅब बँडची गायिका लेटिशिया सादिये, आठव्यात चक्क प्रिन्स. आठवं गाणं फोनवरच्या लाडिक गप्पांचं आहे. मुलगी गाडीत असली की तिथे मी खोकतो.

फेब्रुवारीपर्यंतचं माझं मत: पाचपैकी अडीच. वादक भारी, माणूस हरवलेला. वादक भारी असणारच होते. क्वेस्टलव्ह, जेम्स पॉयझर, जे डिला, पिनो पॅलॅडिनोचा बास, आणि जागा न्यूयॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, जो गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने बांधला आणि ऑगस्ट १९७० मध्ये उघडल्यावर महिन्याभरात हेंड्रिक्स वारला. याच टोळीने गायक डी’अँजेलोचा ‘वूडू’ आणि बाडूचा ‘मामाज गन’ याच भिंतींत केला. ते दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. मग हाच का नको झाला? कारण त्या दोघांकडून कुणाला रॅपची अपेक्षा नव्हती, एवढंच माझं तेव्हाचं उत्तर होतं.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं. पुढचं पावसाळ्यात बदललं.

सकाळी लवकर निघालो की मला ४० मिनिटं लागतात. म्हणजे नवव्या गाण्यात ऑफिस येतं. संध्याकाळी दीड तास लागतो, पण सिग्नल लांबला किंवा भूमकर चौकात सगळंच ठप्प झालं की मी इंजिन बंद करतो. पेट्रोल फुकट येत नाही. बंद केलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे, पुन्हा पाळणा. तेव्हा या दोन सवयींमुळे, आठ महिने हा अल्बम रोज ऐकून मी नवव्या गाण्याच्या पुढे गेलोच नव्हतो. आणि मला ते कळलंही नव्हतं.

जुलैत बॅटरी धापा टाकायला लागली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये जंप स्टार्ट देणारा म्हणाला, “साहेब, आता घरी जाईपर्यंत बंद करू नका. बंद केलीत तर धक्काच.” बाहेर धो धो पाऊस. हिंजवडीतून बाहेर पडायलाच तास गेला, वायपर चालू, दिवे चालू, चावीला हात लावायची हिंमत नाही. बेचाळीस-त्रेचाळिसाव्या मिनिटाला एक गाणं सुरू झालं आणि मला ते ओळखू येईना. माझ्याच सीडीतलं, माझ्याच गाडीत. २००३ मध्ये ‘दोनदा ऐकलं’ म्हणजे मी किती ऐकलं होतं, ते तिथे, पाण्यात उभ्या गाडीत उघडं पडलं.

गाणं ‘बिटवीन मी, यू अँड लिबरेशन’, सोबत सी-लो. तीन कडवी, तीन माणसं. पहिली एक बाई, लहानपणी तिच्यावर अत्याचार झालेले, जवळ आल्यावर ती रडते आणि सांगते. दुसरी त्याची आँट, मावशी की आत्या ते इंग्रजी सांगत नाही, कॅन्सरने गेलेली. तिसरा लहानपणापासूनचा मित्र, तो समलिंगी असल्याचं सांगतो. कॉमन आधी बिचकतो, दुखावतो, मग स्वतःच्याच कडकपणाकडे वळून बघतो आणि शेवटी म्हणतो की खरंच जीव लावला असेल तर स्वीकारायला हवं. उपदेश नाही, आवाज चढवणं नाही. मागे ड्रम जवळजवळ पावसासारखाच.

आता ‘नागचंपा’ आठवा. मला आठवलं, आणि पोटात गोळा आला. त्यात एक ओळ आहे, की काही रॅपर ‘तसले’ असल्याचं कानावर येतंय, त्यांनी माझ्या आसपास फिरकू नये. मी ती ओळ कॉलेजात चालीसकट म्हणायचो. आईला ऐकवलेलं गाणं हेच. ती ओळ लिहिणारा माणूस अडीच वर्षांत त्या तिसऱ्या कडव्यापर्यंत आला होता, २००२ साली, रॅपमध्ये, जिथे हे बोलणं म्हणजे हसं करून घेणं होतं. आणि आम्ही सगळे टोपीवर विनोद करत होतो.

ज्या अल्बमला ‘सामाजिक भान हरवलं’ म्हणून झोडपलं, त्यातच हे होतं. माझी तक्रार आता वेगळी आहे: दहाव्या नंबरवर कोणी ठेवलं? दुसऱ्या नंबरला ठेवलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती. ज्याने कुणी हा क्रम लावला, त्याला माझ्या डेकवर एक महिना बसवला पाहिजे.

मुलगी म्हणाली, “बाबा, फोनवर थेट दहावं लावता येतं की.” लावून बघितलं, रात्री, हेडफोनवर. चांगलं आहे. पण आठव्याच्या लाडिकपणानंतर आणि नवव्याच्या दंग्यानंतर ते जसं खाली उतरतं, तसं नाही उतरलं. म्हणजे क्रम लावणाऱ्याला थोडं कळत असावं. तक्रार मागे घेत नाही, सौम्य करतो.

अकरावं ‘आय ॲम म्युझिक’ जिल स्कॉटसोबत, जुन्या स्विंगच्या चालीवर, मजेत जातं. मग बारावं. ‘जिमी वॉज अ रॉक स्टार’, बाडूसोबत, साडेआठ मिनिटं. ज्याच्या स्टुडिओत बसलात त्याला नमस्कार करायचा होता, कळलं. पण कॉमनने यात गायलंय. गायलंय. नऊ महिने मी या माणसाच्या बाजूने उभा राहायला शिकलो, पण इथे मी खाली बसतो.

शेवटचं ‘हेवन समव्हेअर’ दहा मिनिटांच्या वर आहे. ओमार, सी-लो, बिलाल, जिल स्कॉट, ब्लाइज, बाडू, प्रत्येक जण आपापला स्वर्ग सांगतो. कंटाळा येतो आणि कंटाळा आला तरी बंद करवत नाही, असं गाणं. शेवटाकडे कॉमनचे वडील बोलतात, पॉप्स. १९९४ पासून ते त्याच्या अल्बमांत असेच शेवटी येऊन बोलायचे. २०१४ मध्ये ते वारले. नातेवाइकांच्या कार्यक्रमात शेवटी एखादे काका माइक घेतात, त्यातला सूर, पण हे काका ऐकावेसे वाटतात.

कुणी म्हणेल, याच्यापेक्षा ‘बी’ घे, २००५ चा, कान्ये वेस्टने सावरलेला कॉमन, ११ गाणी, ४२ मिनिटं. खरंय. कोथरूड-हिंजवडीला तो मापाने शिवल्यासारखा बसेल, ऑफिसच्या गेटवर संपेल. तो सगळ्यांना आवडतो, मलाही. फक्त त्याच्यात मला शोधायला काही उरलेलं नाही.

सध्याची स्थिती. बॅटरी बदलली, ४,२०० रुपये. “डेकच्या अर्धे झाले की,” असं बायको म्हणाली, त्यावर मी काही बोललो नाही. ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन सहाशेत डेक उघडून सीडी काढून देतो म्हणतो, ओरखडे पडले तर तो जबाबदार नाही. काढलेली नाही. पिवळी वायरही तशीच आहे. सिग्नलला इंजिन मात्र बंद करत नाही हल्ली. महिन्याचं पेट्रोल किती वाढलं ते मी बघितलेलं नाही आणि अजून घरात कुणी विचारलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन. बाराव्याला मी आवाज शून्य करतो आणि काच खाली घेतो. साधारण चांदणी चौक आलेला असतो. साडेआठ मिनिटं हॉर्न ऐकतो, आणि मग काच वर, आवाज वर, पॉप्स यायच्या आत.