अलामो की सॅन जसिंटो? हाताशी एकच दिवस असेल तर

ह्यूस्टनला मुलांकडे आलात आणि टेक्सास मेक्सिकोपासून कसं सुटलं ते जागेवर जाऊन पाहायचंय म्हणालात, की दहातले नऊ जण अलामोला पाठवतील. मी सॅन जसिंटोला पाठवेन.

अलामो, म्हणजे टेक्सासच्या बंडखोरांनी किल्ल्यासारखं वापरलेलं जुनं चर्च, सॅन अँटोनिओत आहे, गाडीने तीन तास. १८३६ मध्ये सांता अ‍ॅना या मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षाच्या फौजेने इथे तेरा दिवस वेढा घातला आणि ६ मार्चच्या पहाटे आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले. म्हणजे बंडखोर इथे हरले. चर्चच्या माथ्यावरचं ते ओळखीचं वळण लढाईच्या वेळी नव्हतंच, ते अमेरिकन सैन्याने १८५० मध्ये बांधलं. नदीकाठ आणि खाण्यापिण्याच्या जागा चालत जाण्यासारख्या, त्यामुळे बरोबर लहान मुलं असतील तर अलामोच सोयीचं.

सॅन जसिंटो हे रणांगण ह्यूस्टनला लागूनच. २१ एप्रिलला दुपारी साडेचारच्या सुमारास बंडखोरांचा सेनापती सॅम ह्यूस्टन याची जवळपास नऊशे माणसं विसावलेल्या मेक्सिकन छावणीवर तुटून पडली. अठरा मिनिटांत लढाई संपली, कत्तल मात्र थांबली नाही. दलदलीत अडकलेल्यांना, शरण येणाऱ्यांनाही मारलं. दुसऱ्या दिवशी सांता अ‍ॅना साध्या शिपायाच्या वेशात सापडला. हुआन सेगीनच्या तुकडीतले लोक मेक्सिकन वंशाचे, पण बंडखोरांच्या बाजूचे. आपल्याच माणसांनी गोळी घालू नये म्हणून त्यांनी टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. ५६७ फुटी स्मारकस्तंभाच्या लिफ्टने वर जा. खाली ती दलदल दिसते, पलीकडे तेलाचे कारखाने. निकाल इथे लागला, म्हणून माझं मत इथलं.

कुठेही जा, बंडाची कारणं पूर्ण वाचून जा. सांता अ‍ॅनाने १८२४ ची संघराज्याची घटना मोडली, हे खरंच. पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती. टेक्सासला सवलत मिळाली, तरी कापूस पिकवणाऱ्या वसाहतवाल्यांची धास्ती गेली नाही. त्यांच्या नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेत गुलामगिरी पक्की झाली.

अलामोचा सेनापती ट्रॅव्हिस याचा ‘जो’ नावाचा गुलाम वेढ्यातून जिवंत सुटला. तिथे काय घडलं ते नव्या सरकारला त्याने स्वतः सांगितलं. तरी त्याला ट्रॅव्हिसची मालमत्ता म्हणून परत धाडलं. २१ एप्रिल १८३७ ला, सॅन जसिंटोच्या विजयाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, तो पळून गेला.