चेरोकी पर्पल टोमॅटो: चवीला अव्वल, सांभाळायला नाजूक

बाजारातल्या टणक संकरित टोमॅटोला कंटाळून परसात एकच वेगळा वाण लावायचा असेल, तर चेरोकी पर्पल लावा. अमेरिकेतल्या टेनेसीमधून 1990 साली याचं बी क्रेग लेहूलियर या टोमॅटोचे जुने वाण जपणाऱ्या अमेरिकन बागप्रेमीकडे टपालाने आलं आणि नावही त्यांनीच दिलं. फळ साधारण 250 ते 350 ग्रॅमचं, गडद गुलाबी-जांभळं, देठाकडे हिरवं. कापलं की आत विटकरी गर आणि बियांभोवती हिरवट रस. पिकल्यावरही यातलं हरितद्रव्य पुरतं जात नाही आणि साल बिनरंगाची असते, म्हणून हा रंग. देठाकडचा हिरवा भाग लाल व्हायची वाट पाहू नका, तोवर फळ लिबलिबीत होतं. बूड बोटाने किंचित दबलं की तोडा. मीठ लावलेल्या फोडी आणि कोशिंबीर यांत याला तोड नाही. साराला मात्र रंग मळकट येतो.

आपल्याकडे हा हिवाळ्याचाच वाण. ऑगस्टअखेर ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, चार-पाच आठवड्यांची रोपं लावा. उन्हाळ्यात दिवसा 35 अंशांच्या वर गेलं की फुलं नुसती गळतात. लीफ कर्लला, म्हणजे पानं गुंडाळणाऱ्या विषाणूजन्य रोगाला, याच्यात प्रतिकार नाही. पांढरी माशी रोपवाटिकेतच विषाणू देऊन जाते, त्यामुळे ट्रेवर बारीक जाळी हवीच. वेल उंच जातो. बांबू आणि सुतळी पहिल्या दिवसापासून द्या, बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब) काढत राहा. पाणी कधी भरपूर, कधी शून्य असं झालं तर फळं तडकतात आणि बुडाला काळा डाग पडतो. उत्पन्न संकरितापेक्षा कमीच, हे धरून चाला.

खरी किंमत वसूल होते ती बियाण्यात. पाकिटावर ‘एफ-1’ (म्हणजे पहिल्या पिढीचं संकरित) छापलेलं असेल तर ते बी धरण्यासाठी घेऊ नका, पुढच्या पिढीत सरमिसळ होते. टोमॅटो बहुतेक स्वपरागित, पण याची मोठी जोडफुलं (एकमेकांना चिकटून आलेली फुलं) मधमाश्यांना उघडी पडतात. शेजारी दुसरा वाण असेल तर कळ्या उमलण्याआधी घोसाला ऑर्गन्झाची (पातळ जाळीदार कापडाची) पिशवी बांधा, रोज सकाळी हलकेच हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा बांधा.

निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गरासकट बिया काचेच्या ग्लासात घालून थोडं पाणी टाका, कापड बांधून सावलीत ठेवा. आपल्या हवेत दोन दिवस पुरतात. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते आंबून सुटतं. पण तिसरा-चौथा दिवस उलटला तर बी ग्लासातच मोड काढतं. धुताना तरंगणारं पोकळ बी ओतून द्या. बशीत पसरून सावलीत वाळवा, कागदावर ते चिकटून बसतं. बी वाकवल्यावर न दुमडता कडक लागलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलसह भरा. वाण आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून आत टाका. नीट वाळलेलं बी चार-पाच वर्षं उगवतं.