दांडिया बाजारातील पॅथॉलॉजी लॅब : एक सविस्तर अभिप्राय

रक्त तपासून देणाऱ्या जागा बडोद्यात आता पावलोपावली आहेत. आलेल्या आकड्यांचा अर्थ लावून देणारी जागा मात्र सहसा सापडत नाही. दांडिया बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या या लॅबबद्दल लिहावेसे वाटले ते याच कारणाने.

माझ्या थोरल्या बहिणीच्या तक्रारी वर्षभराहून जुन्या होत्या. दुपारनंतर ती गळून जाई, पावलांना मुंग्या येत आणि तिखट लागताच जिभेची आग होई. वयाचा परिणाम, पाळी जाण्याचे दिवस, मनावरचा ताण, अशी उत्तरे तिला मिळत गेली. अखेर घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका कंपनीचे ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतले. अहवाल दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आला. त्यात हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट ६८ हजार आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) ६.२ हे आकडे लाल होते, शेवटी मधुमेहपूर्व अवस्थेचा इशारा होता आणि आहाराची छापील यादी जोडलेली होती. कंपनीच्या डॉक्टरांचा फोनही आला; त्यांनी तोच अहवाल पुन्हा वाचून दाखवला.

अशा पॅकेजांत एक अडचण मुळातच असते. बहुतेक चाचण्यांची सामान्य मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तरी निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास भरते. ऐंशी चाचण्या केल्यावर काहीतरी लाल निघणारच, आणि त्यातले खरे कोणते हे ठरवायला कोणीतरी माणूस लागतो.

या लॅबमध्ये तो माणूस आहे. काउंटरवर नाव लिहिण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या विचारतात, केसांसाठी घेतलेल्यासुद्धा, कारण त्यांतल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी जुना अहवाल पाहून दोनच प्रश्न विचारले : अंगावर निळे डाग उठतात का, आणि हिरड्यांतून रक्त येते का. दोन्हींचे उत्तर नाही आल्यावर त्यांनी स्मीअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी, करायला सांगितले आणि नंतर ताईला आत बोलावून स्लाइड दाखवली. कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसत होते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राच्या मोजणीतून निसटतात. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतले. सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडे पातळ होते म्हणून दहा टक्के मिळवून आकडा धरतात, तो दोन लाखांच्या घरात आला. घरात चाललेली डेंग्यूची आणि त्याहून वाईट आजारांची कुजबुज तिथेच थांबली.

पुढचे अधिक महत्त्वाचे होते. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान दाखवणारा एमसीव्हीचा आकडा ८८, म्हणजे अगदी सामान्य होता आणि म्हणूनच त्याकडे कोणी पाहिले नव्हते. पण स्लाइडवर लहान, फिकट पेशी आणि नेहमीपेक्षा मोठ्या पेशी शेजारीशेजारी होत्या. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकत्र असल्या की सरासरी निर्दोष दिसते. पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू १८ होता, त्यावर पहिल्या अहवालात ‘किंचित वाढ’ एवढीच टीप होती. पाचाहून अधिक खंडांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशीही मॅडमनी दाखवल्या; ती बी-१२कडे बोट दाखवणारी खूण. त्यानंतर केलेल्या तपासणीत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ९ आणि बी-१२ १४०, म्हणजे दोन्ही कमी, निघाले. लोह कमी असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, त्यामुळे उपाशीपोटी साखर ९२ असलेल्या ताईने मधुमेहाची धास्ती घेण्याऐवजी लोह भरून आल्यावर ती चाचणी पुन्हा करावी, हेही त्यांनी समजावले.

मला विशेष आवडले ते हे, की मॅडमनी औषध लिहून दिले नाही. बी-१२चे इंजेक्शन रक्त देण्याआधी घेऊ नये, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही, आणि नुसते फॉलिक अॅसिड घेऊन रक्त सुधारल्यासारखे दिसले तरी नसांची हानी चालू राहू शकते, एवढे सांगून त्यांनी फिजिशियनकडे पाठवले. अहवालाखाली मात्र त्यांनी ताईच्या अॅसिडिटीच्या गोळ्यांची नोंद केली होती. त्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या की बी-१२ आणि लोह दोन्हींचे शोषण घटू शकते; फिजिशियननी ती ओळ वाचूनच पुढची चौकशी सुरू केली.

उणिवा आहेत. लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावे. घरी येऊन रक्त नेत नाहीत, रविवारी बंद असते, आणि सकाळी रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळेल याची खात्री नाही. सगळ्या तपासण्यांचा मिळून खर्च पॅकेजपेक्षा कमी आला, तरी बी-१२चा नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्याला दोन दिवस जास्त लागतात, आणि हे विचारल्याशिवाय काउंटरवर कोणी सांगत नाही.