पाठीवर वारा असताना ड्रायव्हर की थ्री-वुड?

मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. गोल्फ खेळताना त्याच दिशेला जाणारा लांब होल आला की हात आपसूक ड्रायव्हरकडे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबकडे जातो. त्यात काही गैर नाही. हवाई बेटांवरच्या कपालुआच्या प्लांटेशन कोर्सवर २००४ साली अमेरिकी गोल्फपटू डेव्हिस लव्ह तिसरे यांनी अठराव्या होलवर ४७६ यार्डांचा ड्राइव्ह मारला, तोही उतारावर, पाठीशी वारा घेऊन.

पण तो स्विंग त्यांचा होता. पाठीचा वारा बॉलला पुढे ढकलतो तशी त्याची उचलही कमी करतो. बॅकस्पिनला (बॉलच्या उलट्या फिरकीला) धरायला समोरून जोराची हवा लागते, नेमकी तीच घटते. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या माणसाने ९ अंश लॉफ्टच्या (क्लबच्या मारायच्या बाजूचा, म्हणजे फेसचा, मागे कललेला कोन) ड्रायव्हरने मारलेला बॉल मग वाटेतच बसतो. १५ अंशांचा थ्री-वुड, म्हणजे ड्रायव्हरहून थोडा आखूड क्लब, त्याला वर चढवतो, पुढचं वारा बघून घेतो.

ड्रायव्हरवाले म्हणतील, टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, उंच लावा. खरी कटकट इथेच आहे. टी जरा जास्त वर राहिली की बॉल फेसच्या वरच्या कडेला लागून सरळ आभाळात जातो, आणि ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरा ओरखडा उमटतो. कॅडी ओल्या टॉवेलने घासून बघतो, पण तो जात नाही. टी खाली घेतली की पुन्हा जुनंच दुखणं. शिवाय वारा दर होलला वेगळा, म्हणजे दर वेळी नवा अंदाज. थ्री-वुडला टी जेमतेम जमिनीबाहेर ठेवायची आणि रोजचा स्विंग करायचा.

ड्रायव्हरच्या बाजूनेही बोलायला हवं. पाठच्या वाऱ्यात स्लाइस, म्हणजे बाजूला वळत जाणारा फटका, कमी वळतो, त्यामुळे एरवी झाडीत जाणारा बॉल फेअरवेच्या कापलेल्या गवतावर राहू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत कडक जमिनीवर सपाट उतरलेला बॉल पळतोही भरपूर. पावसाळ्यात मात्र रन विसरा, तेव्हा जेवढा कॅरी (हवेतून कापलेलं अंतर) तेवढीच कमाई.

मोजमाप मी केलेलं नाही. पण अशा वाऱ्यात माझे थ्री-वुडचे बॉल ड्रायव्हरच्या आसपासच सापडतात, कधी पुढेही. तुमचा स्विंग जोरकस असेल किंवा ड्रायव्हरला १२ अंशांचा लॉफ्ट असेल, तर कदाचित तुमचा हिशेब वेगळा निघेल. मी अशा होलवर हल्ली ड्रायव्हरचं कव्हर काढत नाही.