रॉडच्या कड्यांवरचा बर्फ आणि ती छोटी डबी: पाच महिने वापरल्यानंतर

मासेमारीच्या रॉडच्या कड्यांवर बर्फ धरू नये म्हणून लावायच्या पेस्टची ही डबी. ती हातात आली नोव्हेंबरच्या शेवटी, आणि हे लिहितोय एप्रिलात. मधल्या काळात नदीवर २३ फेऱ्या झाल्या, त्यांपैकी १६ वेळा हवा शून्याखाली होती. एवढं वापरल्यावर चार शब्द लिहायला हरकत नाही. विकणाऱ्याच्या पानावरचे बहुतेक अभिप्राय ‘पार्सल वेळेवर मिळालं’ एवढ्यावर संपतात.

आधी माझ्याबद्दल. मी ओहायोत क्लीव्हलंडला राहतो, गाव मालवणजवळ. गरवायचं वेड तिथलंच. पण खाडीत गरी टाकून बसताना हाताला सूत लागायचं आणि डोक्यावर ऊन. इथे मासा यायचा हंगामच थंडीचा. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त हे समुद्राऐवजी इरी सरोवरात वाढतात आणि शरद ऋतूपासून वसंतापर्यंत नद्यांमध्ये चढतात. सरोवराला मिळणाऱ्या इथल्या नद्यांमध्ये सरकारी खातं दरवर्षी पिल्लं सोडतं. माझी नदी रॉकी रिव्हर, शहराच्या पश्चिमेला, घरापासून वीस मिनिटांवर. बाबांना व्हिडिओ कॉलवर नदीकाठचा बर्फ दाखवला तेव्हा म्हणाले, “बर्फात जाऊन मासे धरूक तुका कोणी सांगल्यान?” खरं तर उत्तर नाही.

ज्यांनी थंडीत रॉड धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. रॉडवर लाईन, म्हणजे गरीचा दोरा, ज्या कड्यांतून जाते त्यांना इथे गाईड म्हणतात. धातूची बारीक चौकट, आत गुळगुळीत सिरॅमिकची रिंग. लाईन गुंडाळताना ती पाण्याचा पातळ थर अंगावर घेऊन येते, कडीतून जाताना तो थर रिंगवर निपटला जातो, आणि कडी हवेइतकीच गार असल्यामुळे पाणी तिथेच गोठतं. पुढच्या वेळी त्याच्यावर आणखी एक थर. टोकाची कडी सगळ्यांत आधी भरते, कारण ओल्या लाईनची पहिली गाठ तिच्याशी आणि भोकही तिचंच सगळ्यांत लहान. उणे पाचला दहा-बारा वेळा लाईन गुंडाळली की टोकाला काचेचा मणी बसल्यासारखा दिसतो.

नुसतं लाईन लांब जात नाही एवढंच असतं तर चाललं असतं. गेल्या वर्षी, डबी घेण्याआधी, याच पायी एक मोठा मासा गेला. फ्लोट (गरीच्या वर पाण्यावर तरंगणारा बोंडा) बुडाला, झटका दिला, मासा लागला आणि प्रवाहाबरोबर सुसाट खाली निघाला. स्टीलहेडच्या त्या पहिल्या धावेत रिळातून लाईन सुटायलाच हवी. माझी टोकाच्या कडीत जाम झाली होती. आठ पौंडांचा ताण सोसणारी लाईन तट्कन तुटली. मी पाण्यात मांडीभर उभा, हातात हलका रॉड, आणि शेजारचा म्हातारा ‘टोक बघायला हवं होतंस’ अशा अर्थाची मान हलवून पुन्हा आपल्या फ्लोटकडे वळला.

त्यानंतर घरगुती प्रयोग सुरू झाले. पहिला प्रयोग अर्थातच खोबरेल तेल, कारण घरात तेच होतं. आता खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं हे डिसेंबरात आंघोळीआधी बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण माझ्या डोक्यात ते आलं नाही. नदीवर पोचेपर्यंत कड्यांवर पांढरी पापडी धरली होती आणि चौथ्या-पाचव्या फेकीला तिचे कपटे उडाले. बायकोने ही गोष्ट दोन घरी तरी सांगितली आहे. स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा बरा चालला, पण अर्ध्या तासात धुऊन जातो आणि हातमोजे तेलकट होतात. लिप बाम त्याहून बरा, खिशात असतोच, पण काडीने रिंगच्या आतल्या बाजूला नीट लावता येत नाही. पेट्रोलियम जेली मी टाळली. फ्लाय, म्हणजे माशी-किड्यासारखं हलकं आमिष, फेकायची जी प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाईन असते तिला ती चांगली नाही असं जुनेजाणते सांगतात, आणि माझा एक रॉड फ्लायचा आहे. गाडीच्या काचेवर मारायचे बर्फ वितळवणारे फवारे नदीवर आणू नका, एवढंच सांगतो. ते सगळं शेवटी पाण्यातच उतरतं.

आता डबी. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण अशा दोन-तीन येतात आणि माझ्या मते त्यांत फारसा फरक नसावा. पेट्रोलियम नसलेली, मेणासारखी घट्ट पेस्ट. मासेमारीच्या दुकानात ‘कड्यांवरच्या बर्फासाठीची’ म्हटलं की काढून देतात. लावायची पद्धत सोपी, पण घरी लावायची, नदीवर नाही. नदीवर बोटं बधिर असतात आणि कडी ओली असली तर पेस्ट धरत नाही. मी आदल्या रात्री रॉड कोरडा करून कापसाच्या काडीने प्रत्येक रिंगच्या आतून-बाहेरून आणि चौकटीच्या पायांना पातळ थर देतो. जाड लावली की लाईन ती ओढून घेते आणि रिळावर चिकट गाळ साठतो. हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला.

ती बर्फ होऊच देत नाही का? नाही. डबीवर तसं लिहिलंय, पण बर्फ होतोच. फरक असा की पाणी पसरून न बसता थेंब होऊन राहतं, त्यामुळे बर्फ उशिरा धरतो आणि धरला तरी घट्ट चिकटत नाही. शून्य ते उणे चारपर्यंत मला सव्वा-दीड तास कड्या मोकळ्या मिळाल्या. त्याखाली उणे आठपर्यंत अर्धा-पाऊण तास, मग दर वीस मिनिटांनी झटकणं. जानेवारीत एकदा उणे अकराला गेलो होतो. तिथे पेस्ट लावली काय अन् नाही काय. तासाभरात परत आलो आणि घरी पोहे खाल्ले.

धरलेला बर्फ काढायचा कसा, यावर मी डबीपेक्षा जास्त शिकलो. नदीचं पाणी वाहतं आहे म्हणजे ते शून्याच्या खाली नाही. हवा उणे सहा असताना तेच पाणी तुमच्याजवळची सगळ्यांत ऊबदार वस्तू. रॉडचं टोक पाच-दहा सेकंद बुडवून हलवा, पेस्ट असेल तर बर्फ सरळ निसटतो. बाहेर काढल्यावर लगेच झटका, नाहीतर नवं पाणी गोठतं. रीळ मात्र पाण्यात जाऊ देऊ नका. रिळावरचा, लाईन ज्यावरून सरकते तो छोटा रोलर गोठला की दिवस संपला. काही लोक कडी तोंडात धरून वितळवतात. मीही करून पाहिलं, ओठाचं कातडं थोडं तिथेच राहिलं.

डबीहून मोठा फरक मात्र मासे धरायची पद्धत बदलल्याने पडला. आधी मी चमचा, म्हणजे धातूचं चकाकणारं आमिष, सतत फेकून ओढत होतो. तासाला पन्नासेक वेळा पूर्ण लाईन कड्यांतून ओली आत यायची. आता थंडीत फक्त फ्लोट. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकायचा, प्रवाहाबरोबर लांबपर्यंत जाऊ द्यायचा, मग गुंडाळायचा. फेऱ्या निम्म्यावर आल्या, कड्यांत येणारं पाणीही तेवढंच कमी. विणलेली लाईनही काढून टाकली. ती धाग्यांच्या मधे पाणी धरून ठेवते, साधी नायलॉनची तेवढं नाही. पेस्ट न लावताही हे दोन बदल करा, निम्मं काम होतं. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला डबी विकायची आहे.

आणखी एक. मधेच गाडीत हात शेकायला गेलात तर रॉड बाहेरच ठेवा. आत नेला की थंड कड्यांवर दव धरतं आणि बाहेर आणताच गोठतं. माझे दोन दिवस याच कारणाने वाया गेले आणि मी दोष पेस्टला देत होतो.

तक्रारी दोन. झाकण हातमोज्यांनी उघडत नाही, आणि थंडीत पेस्ट इतकी कडक होते की नदीवर परत लावायची तर आधी डबी काखेत धरून बसावं लागतं. पैसे मात्र वसूल. दोन रॉड, सोळा थंड दिवस, आणि अर्धी डबी शिल्लक आहे. शून्याखाली वर्षातून एखाद-दोनदाच जाणार असाल तर लिप बामवर भागवा.

हंगाम संपल्यावर कड्या कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर उरलेल्या पेस्टला बारीक रेती चिकटते आणि उन्हाळाभर लाईन घासत राहते. मी गेल्या रविवारी धुतल्या. तेव्हा टोकाकडून तिसऱ्या कडीतली सिरॅमिकची रिंग तडकलेली दिसली. ती जानेवारीतल्या त्या उणे अकराच्या दिवशी, अंगठ्याच्या नखाने बर्फ उचकटताना गेली असणार. रॉड कडी बदलायला दिलाय, पुढच्या शनिवारी मिळेल.