आयर्न लंग : काट्याच्या भरवशावर तळाशी

‘आयर्न लंग’ हा संगणकावरचा खेळ मी सेलमध्ये घेतला तेव्हा अंधार, किंकाळ्या आणि अंगावर झेपावणारे काहीतरी, एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिली वीस-पंचवीस मिनिटे मी विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर नुसती वजाबाकी करत बसलो होतो आणि त्या वजाबाकीनेच तळहाताला घाम फुटला.

डेव्हिड शिमान्स्की यांनी हा खेळ २०२२ च्या मार्चमध्ये प्रकाशित केला. त्याआधी त्यांचे नाव झाले होते ते ‘डस्क’ या २०१८ च्या, धावत-पळत गोळीबार करण्याच्या खेळामुळे; येथे मात्र त्यांनी खेळणाऱ्याला चार पावलांच्या खोलीत कोंडले आहे. विश्वातले सारे तारे आणि राहण्याजोगे ग्रह एकाएकी नाहीसे झाले आहेत, यानांत आणि अवकाशस्थानकांवर होती तेवढीच माणसे मागे उरली आहेत आणि एका ओसाड चंद्रावर रक्ताचा समुद्र सापडला आहे. त्याच्या तळाशी काय आहे हे पाहण्यासाठी एका कैद्याला गंजक्या पाणबुडीत घालून, झाकण वेल्ड करून, खाली सोडले जाते. काम पुरे केले तर सुटका, असे आश्वासन असते. तो कैदी म्हणजे आपण. एवढ्या खोलवरचा दाब सोसावा म्हणून पुढची खिडकीही बंद केलेली आहे. पूर्वी पोलिओच्या रुग्णांना ज्या लोखंडी नळकांड्यात निजवून श्वास पुरवत, त्या यंत्राचे नाव या पाणबुडीला टोपणनाव म्हणून दिले आहे, आणि ते नेमके बसते.

काम म्हणावे तर साधे आहे. भिंतीवर खंदकाचा नकाशा लावलेला असून त्यावर छायाचित्रे घेण्याची ठिकाणे खुणावलेली आहेत. पुढच्या फळीवर पाणबुडी पुढे-मागे नेण्याची आणि वळवण्याची बटणे आहेत, आणि आपण कोठे आहोत हे सांगणारे तीन आकडे: दोन स्थानाचे, एक दिशेचा. खडक जवळ आला की यंत्र टिकटिकू लागते आणि अंतर घटेल तशी ती टिकटिक घाईला येते. ठरल्या जागी पोहोचल्यावर वळून पाठीमागच्या भिंतीशी जायचे, कॅमेऱ्याचे बटण दाबायचे आणि पडद्यावर करडे, दाणेदार चित्र उमटण्याची वाट पाहायची. बाहेरच्या जगाशी आपला संबंध एवढाच. चित्रात कधी दगड दिसतो, कधी दगडासारखे काहीतरी, आणि ते पाहत असताना आकड्यांच्या फळीकडे आपली पाठ असते.

माझे मामा कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात सर्वेक्षणाच्या पथकात होते. शिवसागर जलाशयाच्या तळाचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेण्याचे, ‘लेक टॅपिंग’ म्हणून गाजलेले, १९९९ चे काम याच टप्प्याचे. साताऱ्याला आमच्याकडे आले असताना ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. खेळातील ओबडधोबड, जुन्या धाटणीची चित्रे पाहून आधी त्यांनी नाक मुरडले. नंतर मात्र मी दिशेचा आकडा चुकीचा धरल्याचे माझ्याआधी त्यांच्याच लक्षात आले. थोड्या वेळाने म्हणाले, “अरे, फोटो बघायला तू मागं जातोस, तवा काट्याकडं कोण बघतंय?” बोगद्यात एकट्याला आत सोडत नसत, कारण एकाने यंत्राला डोळा लावला की दुसऱ्याने छताकडे बघायचे, असे त्यांचे म्हणणे. या खेळाची सारी भीती त्या दुसऱ्या माणसाच्या गैरहजेरीत आहे. बाहेर काय आहे, यापेक्षा आपण ज्या बाजूला पाहत नाही तेथे काय चालले असेल, या शंकेने जीव टांगणीला लागतो, आणि काम अर्धवट टाकून वर येण्याची सोय नसते.

आवाजाची बाजू मला सर्वांत सरस वाटली. लोखंड दाबाने कण्हते, कोठेतरी काहीतरी घासून जाते आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. आमच्याकडे आषाढाचा पाऊस पत्र्यावर वाजत असल्यामुळे दोनदा मी घरातला आवाज पाणबुडीतला समजलो. तेव्हा हेडफोन लावूनच खेळावे. चित्रे साधी असल्याने माझ्या सात वर्षांच्या लॅपटॉपवरही खेळ अडखळला नाही. मजकूर इंग्रजीत आहे, पण थोडा आहे, आणि आलेख-कागदावर बिंदू मांडण्याचे शाळकरी गणित आठवत असेल तर अडचण येत नाही.

उणिवा आहेत. खेळ तासाभरात आटोपतो. लांबी मला खटकली नाही, परंतु शेवट फारच तडकाफडकी येतो. एवढा वेळ संयमाने रचलेली शंका एका क्षणात उधळून टाकल्यासारखे वाटते. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांना मधला भाग रटाळ वाटेल, आणि खडकाला वारंवार धडकून मरणाऱ्याचा तर संतापच होईल. नाव ऐकून लहान मुलांनी हट्ट धरला तर नकार द्यावा; रक्तपात फारसा दिसत नाही, परंतु कोंडलेपणाची भावना अंगावर येणारी आहे. बंद लिफ्टमध्ये ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनीही यापासून लांबच राहावे.

दुसऱ्यांदा खेळताना भीती निम्म्याने ओसरली, कारण कोठे काय घडते हे ठाऊक झाले होते. विजेचे बिल मात्र मी फाडून टाकलेले नाही. मामा पुढच्या खेपेला आले की आकडे त्यांनी सांगायचे आणि बटणे मी दाबायची, असे ठरले आहे.