कुलूपबंद गाण्यांची खासगी प्रत : भारतीय कायदा आणि अमेरिकी कायदा
धुळ्यात विकत घेतलेल्या सीडीवरील गाणी मामाने स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवली आणि अमेरिकेतील भाच्याने तेच केले, तरी सीडीवर नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप असल्यास दोघांची कायदेशीर स्थिती सारखी राहत नाही.

आपल्या प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. मात्र त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो, आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढण्याची वाट हेच कलम मोकळी ठेवते. त्यामुळे मामाची बाजू माझ्या मते भक्कम आहे. कुलूप काढून देणाऱ्याने मात्र समोरच्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन नोंदवून ठेवणे बंधनकारक आहे. अशी वही जळगाव-भुसावळच्या दुकानांत मी तरी पाहिलेली नाही. शिवाय पैसे घेऊन गिऱ्हाइकांना गाणी भरून देणे हा खासगी उपयोग नव्हेच.

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टनुसार प्रवेश रोखणारे, म्हणजे गाणे उघडूच न देणारे, कुलूप तोडणे हाच मुळात भंग ठरतो. केवळ नक्कल रोखणारे कुलूप तोडण्यावर तशी स्वतंत्र बंदी नाही. परंतु ते तोडणारी साधने बनवणे आणि विकणे निषिद्ध असल्याने भाच्याला मिळालेली ही सवलत बरीचशी कागदावरच राहते.